भाची अकरावीत, गाव देवगड तालुक्यात: मोठ्या संस्थांत शिरकाव कितपत शक्य?

कातळावरचा
नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा दहावी झाली, ९७.२ टक्के. शाळा गावातलीच, सेमी-इंग्रजी. अकरावी सायन्स तालुक्याच्या कॉलेजात घेतलंय. गणित ठेवलंय, जीवशास्त्र सोडलंय. भावजींची हापूसची कलमं आहेत, बाकी घरात नोकरी कुणाला नाही.

पोरीला गणिताचं वेड आहे. पाचवी-आठवी दोन्ही शिष्यवृत्त्या मिळाल्या. आंब्याच्या मोसमात पेट्यांचा हिशेब तीच ठेवते, वाशीच्या कुठल्या दलालाने कितीची कटिंग लावली ते तिला तोंडपाठ. आयआयटी, आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्था) ही नावं तिने ऐकली आहेत. अमेरिकेतली काही विद्यापीठं पूर्ण खर्च देतात असंही कुठेतरी वाचलंय. वाडीतले सगळे म्हणतात, कोल्हापूरला नाहीतर पुण्याला क्लासला टाका. ती म्हणते, बारावीपर्यंत घर सोडणार नाही, त्यानंतर म्हणाल तिथे जाईन.

तर अशा पोरीला चान्स किती? आणि दोन वर्षं इथे राहून जमेल का?

आंबोळी_घावणे
९७ म्हणजे झक्कासच! पण भाऊ, कोकण बोर्ड सुरू झाल्यापासून निकालात दरवर्षी राज्यात पहिलं. आमच्या वाडीत यंदा नव्वदच्या खाली कोणी असेल तर तो लाजून मुंबईला गेला असेल.

अंकगणित
मी आयसरमधून शिकलो आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ते ९७.२ बाजूला ठेवा. पोरीचं कौतुक आहेच, पण यापैकी कुठलीच संस्था दहावीच्या टक्क्यांवर प्रवेश देत नाही. प्रत्येकीचं दार वेगळं आणि त्या दाराची परीक्षा वेगळी. त्यामुळे 'चान्स किती' याचं एक उत्तर नसतं.

आयआयटीसाठी आधी जेईई मेन. ती जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते, चौदा-पंधरा लाख मुलं बसतात, त्यातली वरची अडीच लाख जेईई अॅडव्हान्स्ड या पुढच्या परीक्षेला पात्र. सगळ्या आयआयटी मिळून जागा साधारण १८ हजार. मुलींसाठी वाढीव जागा ठेवून त्यांचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आणलंय, हे तिच्या बाजूने. मेन मराठीतूनही देता येते, अॅडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी किंवा हिंदीत.

आयसरची स्वतःची परीक्षा असते, तिला आयएटी म्हणतात. ६० प्रश्न, तीन तास, २४० गुण. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न, चुकलं की एक गुण वजा. इथेच मला तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट खटकली. जीवशास्त्र सोडलंय म्हणता, म्हणजे चौथा भाग जवळजवळ हातचा गेला. कॉलेजात विषय घ्यायची गरज नाही, पण पुस्तक घरात हवं. बेंगळुरूच्या आयआयएससीचा (भारतीय विज्ञान संस्थेचा) चार वर्षांचा विज्ञानाचा अभ्यासक्रमही आयएटीच्या गुणांवर मिळू शकतो, म्हणजे एका परीक्षेत दोन दारं.

पण गणिताचं खरंच वेड असेल तर आयएसआय आणि सीएमआय ही दोन नावं लिहून ठेवा. आपल्याकडे ती कुणी सांगत नाही, कारण त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत. आयएसआय म्हणजे महालनोबिसांनी १९३१ साली कोलकात्याला सुरू केलेली संख्याशास्त्राची संस्था. बी.स्टॅट. कोलकात्याला, बी.मॅथ. बेंगळुरूला. शिकवणी शुल्क नाही, उलट महिन्याला विद्यावेतन मिळतं. सीएमआय ही गणिताची संस्था चेन्नईजवळ. दोन्हीकडे स्वतःची लेखी परीक्षा, आणि तिच्यात नुसता पर्याय निवडून भागत नाही, सिद्धता लिहावी लागते. क्लासमध्ये घोटून घेतलेली मुलं तिथे अडखळतात आणि एकटी बसून डोकं खाजवणारी मुलं पुढे जातात, असं मी पाहिलंय.

निवृत्त_गुरुजी
अंकगणित यांची माहिती उत्तम, पण जरा जमिनीवर या. तीस-पस्तीस वर्षं याच जिल्ह्यात शिकवलं. हुशार मुलगी दोन वर्षं आयआयटीच्या मागे लागते, ते मिळत नाही, आणि या गडबडीत राज्याच्या सीईटीची (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची) तयारी राहून जाते. हे मी फार वेळा पाहिलंय.

सीईटीला वजा गुण नाहीत. २०० पैकी १०० एकट्या गणिताचे. गणिताचं वेड असलेल्या पोरीला याहून सोयीची परीक्षा कुठली? ८० टक्के प्रश्न बारावीचे, २० टक्के अकरावीचे. व्हीजेटीआय, सीओईपी, माटुंग्याचं आयसीटी, राज्यातल्या या नावाजलेल्या इंजिनिअरिंगच्या संस्थांत काय कमी आहे? शिवाय जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. प्रवेश मात्र कॅप (शासनाच्या केंद्रीय प्रवेश) फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नव्हे. घरच्यांच्या जिवाला घोर न लावता हे सगळं होतं.

अंकगणित
गुरुजी, सीईटी द्यावीच. माझं म्हणणं एवढंच की तिला इंजिनिअर व्हायचंय का, हे अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

फणसपोळी
क्लासच्या प्रश्नावर माझा अनुभव. मुलाला दहावीनंतर मोठ्या शहरातल्या इंटिग्रेटेड कॉलेजात घातला. नाव लिहीत नाही. कॉलेज फक्त कागदावर, दिवसभर क्लासच. रविवारी टेस्ट, निकालावरून बॅच बदलायची. मुलगा वरच्या बॅचमधून गेला, मग मधल्या, मग त्याहून खालच्या. फोनवर 'बरा आहे' एवढंच बोलायचा. दिवाळीत आला तर गालाची हाडं वर आलेली, आणि आमच्याकडे चार घास मागून खाणारा पोरगा ताटावरून लवकर उठायला लागला. फीचे हप्ते मात्र वेळेवर घेतले त्यांनी. मधेच काढायचा तर उरलेले पैसे परत नाहीत, हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं.

आता लोणेऱ्याला शिकतोय, मजेत आहे. पोरगी स्वतः 'जाणार नाही' म्हणत असेल तर तिचं ऐका.

करूळ_उतार
फणसपोळी ताई, वाईट वाटलं वाचून. पण सगळीकडे तसंच असतं असं नाही. माझी मुलगी कोल्हापूरला होती. क्लासमध्ये शिकवलं त्यापेक्षा सोबतच्या मुलींचा उपयोग जास्त झाला. इथे ती वर्गात पहिली, आणि तिला न सुटणारं गणित सोडवणारं दुसरं कुणी नव्हतं. तिथे रात्री मेसमध्ये चौघी जणी एका प्रश्नावर भांडायच्या. भाची घरी राहिली तर अशा दोन-तीन जणांची सोय लावा, ऑनलाइन का होईना.

आंबोळी_घावणे
ऑनलाइन म्हणे! आमच्याकडे पावसात वारो इलो की लाईट आधी जाता आणि नेट तिच्या मागसून. रेंज पाहिजे तर सड्यार जावचा लागता. छत्री धरून जेईई करतली ती?

असो, आता सगळ्यांनी उभे रव्हा, गाराणा घालतंय:

बारा गावच्या, बारा येशीच्या देवा म्हाराजा! ह्या धाग्यार जी आयशी-बापूस आणि मामा जमले हत, त्यांच्या पोरांका हव्या थंय नंबर लागो दे म्हाराजा!
व्हय म्हाराजा!
परीक्षेच्या दिवशी फोंड्याच्या घाटात दरड कोसळता नये म्हाराजा!
व्हय म्हाराजा!
फॉर्म भरताना सर्वर पडता नये, आणि पडलोच तर मुदत वाढान मिळो दे म्हाराजा!
व्हय म्हाराजा!
शेजाऱ्यान 'कितके पडले?' म्हणान इचारल्यान, तर तेच्याच झिलाचे मार्क आधी भायर पडो दे म्हाराजा!
व्हय म्हाराजा!

फणसपोळी
व्हय म्हाराजा! 😄

सड्यावरची
दरडीचं हसण्यावारी नेऊ नका. यातल्या बऱ्याच परीक्षा मे-जूनमध्ये येतात आणि केंद्र जिल्ह्याबाहेर मिळू शकतं. मी घाटापलीकडे जायचं असलं की एक रात्र आधीच मुक्कामाला जायचे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही बदलतं. फॉर्म भरतानाच केंद्राचे पर्याय नीट बघा.

न्यूजर्सीचो_झिल
मूळ मालवणचा, इथे वीस-बावीस वर्षं. एका विद्यापीठासाठी माजी विद्यार्थी म्हणून अर्जदारांच्या मुलाखती घेतो, म्हणून अमेरिकेचं लिहितो.

पूर्ण खर्च देतात हे खरं आहे, पण मोजकीच. परदेशी मुलाला घेताना त्याच्या घरची ऐपत न बघणारी आणि घेतला तर लागेल तेवढी मदत देणारी विद्यापीठं म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅम्हर्स्ट, डार्टमथ आणि अशीच आणखी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाने मदत मागितली की निवडीच्या वेळी तेही बघितलं जातं. स्टॅनफर्डसुद्धा त्यातच.

स्पर्धा कशी? हार्वर्ड शंभरातल्या चारेक जणांनाच घेतं. एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी निवड होणाऱ्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास. एमआयटीने सॅटसारख्या प्रवेश परीक्षेचे गुण २०२२ मध्ये पुन्हा सक्तीचे केले, हार्वर्ड, येल, डार्टमथ यांनी २०२४ मध्ये. अर्ज बारावीच्या वर्षात १ नोव्हेंबरला किंवा १ जानेवारीच्या सुमारास, निकाल मार्चअखेर. म्हणजे तुमच्या बोर्डाच्या आणि जेईईच्या ऐन धामधुमीत.

अर्जात ६५० शब्दांपर्यंत निबंध, दोन शिक्षकांची पत्रं, आणि शाळेबाहेर काय करता त्याच्या दहा ओळी. त्या दहा ओळींत घरच्या जबाबदाऱ्या असा वेगळा प्रकारच आहे. पेट्यांचा हिशेब तिथे लिहायचा! मुंबईची मुलं पैसे भरून 'एनजीओ'त पंधरा दिवस घालवतात आणि त्यावर निबंध लिहितात, ते आम्हाला वाचताक्षणी कळतं. दलालाच्या कटिंगचा हिशेब लावणारी पोरगी मी तरी अजून पाहिलेली नाही.

आणि एक. २०२५ च्या मे महिन्यात इथल्या सरकारने हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगीच काढायचा प्रयत्न केला, कोर्टाने तो थांबवला. त्याच सुमारास व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणंही काही आठवडे बंद होतं. तेव्हा फक्त यावर विसंबून राहू नका.

निवृत्त_गुरुजी
शिक्षकांची पत्रं म्हणजे काय ते मला माहीत आहे. आयुष्यभर 'सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड ओबीडिअंट' लिहून दिलं. नाव तेवढं बदलायचं.

न्यूजर्सीचो_झिल
गुरुजी, तेवढं मात्र नको. 'ओबीडिअंट' वाचून इथे कुणावर छाप पडत नाही. शिक्षकाने तिने वर्गात विचारलेला एखादा वेडावाकडा प्रश्न आणि त्यावर पुढे काय झालं ते लिहावं. तिच्या गणिताच्या सरांना आत्ताच सांगून ठेवा.

कातळावरचा
झिलभाऊ, मनापासून आभार. एक अडचण आहे. खर्चाची मदत मागायची तर घरचं उत्पन्न दाखवायचं ना? भावजींचं उत्पन्न दाखवायचं कसं? एका वर्षी मोहोर चांगला, दुसऱ्या वर्षी थ्रिप्सची कीड, तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये अवकाळी. पगाराची स्लिप नाही, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. तलाठ्याकडून मिळतो तो दाखला आणि खरी परिस्थिती यांचं नातं सगळ्यांना ठाऊक आहेच.

आंबोळी_घावणे
दाखल्यार सगळे गरीब, आणि सोयरीक जुळवताना सगळे बागायतदार!

न्यूजर्सीचो_झिल
😄 शेतकरी कुटुंबांचे अर्ज जगभरातून येतात, त्यांना सवय आहे. मागच्या काही मोसमांच्या विक्रीच्या पट्ट्या, फवारणी-खताची बिलं, बँकेचं पीककर्ज, सगळं जपून ठेवा आणि वर-खाली का होतं ते पत्रात सरळ लिहा. अर्ज शुल्क माफ करून मागता येतं. आकडे जुळवायला तुमच्या घरात माणूस आहेच.

दापोलीकर
उगाच घाबरवू नका रे पोरीला. आमच्या तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. दुसऱ्या एकाबरोबर विभागून का होईना, पहिले भारतीय. शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव, ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. कोकणच्या मातीतच आहे ते!

सड्यावरची
दापोलीकर, मातीचं राहू द्या. बाबासाहेबांचं शालेय शिक्षण साताऱ्याला आणि मुंबईत झालं, आणि कोलंबियाला ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर गेले. परांजप्यांना धोंडो केशव कर्व्यांनी आपल्याजवळ ठेवून शिकवलं, केंब्रिजला गेले ते सरकारी शिष्यवृत्तीवर. दोघांच्याही मागे पैसा आणि आधार उभा करणारं कुणीतरी होतं. ते बघायचं सोडून आपण गावाच्या कमानी उभारतो.

दापोलीकर
मान्य. पण कर्व्यांचं निघालंच तर सांगतो. हेच कर्वे सतरा वर्षांचे असताना परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी गेले, भर पावसात, घाट चढून. तिथे साहेबांनी बघितलं आणि वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. आल्या वाटेने परत. पुढे भारतरत्न. केंद्रावर आधार कार्ड घेऊन जा म्हणजे झालं.

अंकगणित
झिलभाऊंनी चार टक्के, दोन टक्के लिहिलं त्यावर एक शंका काढतो. ते प्रमाण सगळ्या अर्जदारांचं आहे, भाचीचा चान्स नव्हे. त्या गर्दीत सहज गंमत म्हणून अर्ज टाकणारेही आहेत आणि गणित ऑलिंपियाड या स्पर्धेचं पदक घेतलेलेही. भाची त्यात कुठे बसते ते टक्क्यांवरून कळत नाही. जेईईचंही तेच. म्हणून तिला जुने पेपर वेळ लावून सोडवू दे. आयएटीचा एक, मेनचा एक, आयएसआयचा एक. कुठल्या पेपराला तिला वेळ कमी पडतो आणि कुठला संपल्यावरही सोडवत नाही, ते बघा.

ऑलिंपियाडची पहिली फेरी, आयओक्यूएम, सप्टेंबरमध्ये असते. यंदाची नोंदणी हुकली असेल तर पुढच्या वर्षी. आणि गुरुजींचा मुद्दा एका बाबतीत शंभर टक्के बरोबर: बारावी सोडू नका. आयआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. शुद्ध विज्ञानाला गेली आणि बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असली तर केंद्राच्या इन्स्पायर योजनेत वर्षाला ८० हजार मिळू शकतात.

करूळ_उतार
ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी जाता जाता: नवोदय विद्यालय विसरू नका. आपल्या जिल्ह्यातलं सावंतवाडीजवळ सांगेलीला आहे. पाचवीत परीक्षा, सहावीत प्रवेश. तिथल्या मुलांना पुढे दक्षणा फाउंडेशनची परीक्षा देऊन जेईईची मोफत तयारी मिळू शकते. ही भाची त्या वयाच्या पुढे गेली, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात चौथी-पाचवीतलं असेल.

कातळावरचा
मंडळी, धागा बहिणीकडे वाचून दाखवला. आता माझ्याच आयडीवरून भाची लिहितेय.

नमस्कार. मीच ती. मामाने एक लिहिलं नाही, मला इंजिनिअर व्हायचंय की नाही ते मलाच माहीत नाही. इतिहासही आवडतो. अंकगणित दादा, तुम्ही सिद्धता लिहावी लागते म्हणालात, तर कशा प्रकारच्या? आमच्या पुस्तकात प्रमेय दिलेलं असतं आणि तेच परीक्षेत येतं. अमेरिकेचं मला आत्ता नको वाटतं, पण पेट्यांचं लिहिता येतं हे वाचून हसू आलं. आणि आंबोळी काका, छत्री नाही लागत, आमच्या गोठ्याच्या मागे रेंज येते.

अंकगणित
शाब्बास. आयएसआयच्या दुसऱ्या पेपरात आठ प्रश्न असतात, दोन तास, सगळे असेच लिहायचे. एक जुना प्रसिद्ध प्रश्न देतो, नेटवर शोधू नकोस. कुठलीही सहा माणसं घे. सिद्ध कर की त्यांच्यात तिघं असे सापडतीलच की जे तिघंही एकमेकांना ओळखतात, किंवा तिघं असे की ज्यांच्यात कुणीच कुणाला ओळखत नाही. ओळख दोन्ही बाजूंनी असते असं धर.

आंबोळी_घावणे
आमच्या वाडीत एकमेकांक न वळखणारी तीन माणसा खंय गावतली? सगळी मेली एकमेकांची उणी काढीत बसलेली.

कातळावरचा
(भाची) काका, मग तुमच्या वाडीत पहिली बाजूच कायम खरी. 😄

उत्तर लिहिते. सहांतला एक घ्या, त्याला क म्हणू. उरले पाच. त्या पाचांत क च्या ओळखीचे किमान तिघं तरी असतील, नाहीतर अनोळखी किमान तिघं असतील, कारण दोन्हीकडे दोन-दोनच धरले तर चारच होतात. समजा ओळखीचे तिघं आहेत. त्या तिघांत कुणी दोघं एकमेकांना ओळखत असतील तर ते दोघं आणि क असे तिघं झाले. कुणीच ओळखत नसेल तर तेच तिघं एकमेकांना अनोळखी. क ला अनोळखी तिघं असतील तर हेच उलटं करायचं. गोठ्यामागे बसून केलं, शोधलं नाही.

अंकगणित
पूर्ण गुण. 'दोन्हीकडे दोन-दोनच धरले तर चारच होतात' हे वाक्य बरीच मुलं लिहायला विसरतात आणि तिथेच गुण जातात. आता सांग, सहाऐवजी पाच माणसं असती तर?

निवृत्त_गुरुजी
पाचांनाही चालायला हवं असं वाटतं. माणसं कमी, मग काम सोपं.

कातळावरचा
(भाची) नाही चालत गुरुजी. पाच जणांना गोल बसवा आणि प्रत्येक जण फक्त आपल्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना ओळखतो असं धरा. कुठलेही तिघं घेतले तरी त्यांच्यात कुणीतरी दोघं शेजारी येतात, म्हणून तिघं अनोळखी मिळत नाहीत. आणि तिघंही एकमेकांचे शेजारी असं पाचांच्या गोलात होत नाही.

अंकगणित
पुढचे प्रश्न व्यनि (खाजगी निरोप) करतो, आठवड्याला दोन. करूळ_उतार, तुमची मुलगी तयार असेल तर तिलाही जोडूया. मामा, जीवशास्त्राचं अकरावीचं पुस्तक तेवढं आणा.

निवृत्त_गुरुजी
पुस्तक माझ्या नातीचं पडून आहे, एसटी पार्सलने धाडतो, पत्ता व्यनि करा. गोल मी कागदावर काढून बघितला, बरोबर आहे. तरी सीईटीचा फॉर्म भरायचाच.